मधल्या घराची मिळकत

एखाद्या गावाविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाव खाऊनपिऊन सुखी आहे की ओढगस्तीचे? आणि उत्तर देणारा ज्याच्या ओट्यावर बसलेला असेल त्याप्रमाणे उत्तर मिळते. बागायतदाराच्या ओट्यावर विचारा, "आता कोण गरीब राहिलंय?" असे ऐकू येईल. रोजगाराला जाणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल, "हाताला काम आहे तोवर चूल आहे." दोघेही खोटे बोलत नाहीत. पण गावची स्थिती दोघांच्याही बोलण्यात पुरती सापडत नाही. ती शोधायची तर गावातले मधले घर गाठावे लागते.

मधले घर म्हणजे काय? समजा, अकरा घरांची एक वाडी आहे. घरांची वर्षाची मिळकत अशी धरू : चाळीस हजार, पन्नास, पंचावन्न, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद हजार, मग एक लाख पाच हजार, एक लाख वीस हजार, दीड लाख, आणि अकरावे घर बागायतदाराचे, १३ लाख ८० हजारांचे. सगळ्यांची बेरीज २२ लाख. अकरांनी भागले की दर घरी सरासरी दोन लाख रुपये येतात. आता बघा, अकरांपैकी दहा घरे या सरासरीच्या खाली आहेत! ही सरासरी कोणाच्याच घरची नाही. उलट कमीपासून जास्तीपर्यंत घरे ओळीने उभी केली, तर पाच घरे अलीकडे आणि पाच घरे पलीकडे ठेवून बरोबर मध्ये उभे राहते ते सहावे घर, ऐंशी हजारांचे. तेच मधले घर. शाळेच्या गणितात याला 'मध्यक' म्हणतात. उद्या बागायतदाराची मिळकत दुप्पट झाली, तर वाडीची सरासरी सव्वातीन लाखांवर जाईल, पण मधले घर ऐंशी हजारांवरच राहील. वाडी श्रीमंत झाली असा कागद निघेल आणि सहाव्या घरच्या चुलीवर मात्र कालचीच भाकरी असेल.

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. मिळकतीचा अंदाज चुकला म्हणजे काय होते, हे पुणे जिल्ह्याने एकदा चांगले भोगले आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मुलूख कंपनी सरकारकडे गेला. जमिनीचा सारा किती घ्यावा हा प्रश्न आला. तेव्हा प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात मोठी मोजणी केली. जमिनीचे पीक किती, त्यातून बी, बैल, मजुरी वजा जाता निव्वळ किती उरते, याचा त्याने हिशेब मांडला आणि त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे, असे ठरवले. कागदावर हिशेब मोठा नीटनेटका होता. पण पिकाचे आकडे फुगलेले निघाले, धान्याचे भाव खाली आले, आणि सारा मात्र आकड्याप्रमाणे मागितला गेला. शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, कित्येक घरे मुलूख सोडून गेली. शेवटी १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. तिच्यात निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद सोडून, जमिनीची प्रत लावून आणि मागील वर्षांची वसुली पाहून सारा बसवला. चुकीच्या बेरजेपायी माणसे गाव सोडतात, हे लक्षात ठेवून पुढचा इतिहास पाहू.

जुन्या काळच्या मधल्या घराची मिळकत शोधू लागलो म्हणजे अडचण ही येते की, ती कोणी लिहूनच ठेवलेली नाही. दप्तरांत वसुलीचे आकडे आहेत, इनामांचे आहेत, कर्जाचे रोखे आहेत. पण कुणब्याच्या घरी वर्षअखेर काय उरले, याची नोंद करण्याचे कोणाला कारण नव्हते. मग काय करावे? अशा वेळी एक साधी युक्ती उपयोगी पडते. रुपयांचा आकडा मिळाला नाही तरी चालेल. एक रेघ ओढावी आणि तिच्या खाली किती घरे आहेत ते मोजावे. निम्म्याहून जास्त घरे रेघेच्या खाली असतील तर मधले घरही खालीच आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. ही युक्ती हाती धरून आपण दीडशे वर्षांचा प्रवास करू शकतो.

पहिला मुक्काम लोणीचा. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे लोणीकंद. टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८२० च्या सुमारास या एका गावाचा सविस्तर वृत्तान्त लिहिला. घरे, माणसे, गुरे, औते, बलुतेदार, खाणेपिणे, सारे त्यात आहे. दख्खनच्या एका गावाचे इतके बारकाईने केलेले हे फार जुने वर्णन होय. कोट्सने घरोघरची मिळकत काढलेली नाही, पण कर्ज मात्र विचारले. शेती करणारी ८४ कुटुंबे. त्यांतली पंधरा-सोळा सोडली तर बाकीची सगळी सावकाराची देणेकरी. आता आपली युक्ती लावा. ओळीतले मधले शेतकरी घर कर्जात होते, हे स्पष्ट आहे. त्याच्या कणगीत किती मण धान्य होते हे आपल्याला कळत नाही, पण त्यातले काही सावकाराच्या नावाचे होते एवढे कळते. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि सव्वाशे वर्षांनंतरचे लोणीकंद कसे झाले ते १९६० साली पुस्तकरूपाने मांडले.

दुसरा टप्पा दादाभाई नौरोजींचा. १८७६ साली 'हिंदुस्थानचे दारिद्र्य' या विषयावरचा आपला निबंध त्यांनी वाचला. प्रांताप्रांतांतले पीक किती, त्याचा भाव काय, माणसे किती, असा भागाकार करून त्यांनी दाखवले की १८६७-७० च्या सुमारास या देशात दर माणशी वर्षाचे उत्पन्न सुमारे वीस रुपये पडते. हा आकडा सरासरीचाच होता, पण दादाभाईंच्या वादाला तोच हवा होता. देशाचे सगळे पीक सर्वांना सारखे वाटले तरी पोट भरत नाही, असे त्यांना सांगायचे होते. मग जिथे सारखे वाटले जात नाही तिथे मधल्या घरी काय असेल, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. सरासरी वाईट आणि मध्यक चांगला, असे म्हणूनच म्हणू नये. प्रश्न देशाच्या एकूण संपत्तीचा असेल तर सरासरी घ्यावी. एका गावातल्या माणसांच्या जगण्याचा असेल तर मधले घर पाहावे.

तिसरा मुक्काम सर्वांत महत्त्वाचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्राचे माणूस. पण हिंदुस्थानात असतानाच त्यांनी इंग्लंडमधील रिजमाउंट नावाच्या खेड्यातील गरिबीची घरोघर पाहणी करून ती १९०४-०५ च्या सुमारास मांडली होती. तोच डोळा त्यांनी दख्खनकडे वळवला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. कानिटकर यांच्यासह केलेला दुसरा, शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा, १९२१ साली.

मॅननी आधी जमीन पाहिली. जुन्या कागदांवरून त्यांना आढळले की पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली दर खातेदारामागे सरासरी चाळीस एकर जमीन होती, १८१८ मध्ये साडेसतरा, पुढे चौदा, आणि १९१४-१५ मध्ये अवघी सात. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. वाटण्या होत गेल्या, बांध वाढत गेले, औत फिरवायला जागा उरली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच गोष्ट पुढे चालू राहिली आहे, त्यामुळे ती अधिक फोडून सांगायला नको.

मग ते घरांकडे वळले. प्रत्येक कुटुंबाची शेतीची मिळकत, बाहेरची मजुरी, कर्जावरचे व्याज, सगळे मांडले. कुटुंबात माणसे किती आणि त्यांना गावच्याच रीतीने राहायला वर्षाला किती लागते, तेही काढले. आणि घरांचे तीन गट केले. पहिला, ज्यांचे नुसत्या जमिनीवर भागते. दुसरा, ज्यांचे जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून भागते. तिसरा, ज्यांचे दोन्ही करूनही भागत नाही. पिंपळे सौदागरमध्ये तिसऱ्या गटात शेकडा ६५ घरे निघाली. जातेगाव बुद्रुकमध्ये शेकडा ८५.

हे दोन आकडे वाचून पुष्कळांनी गरिबीविषयी हळहळ व्यक्त केली. आपण मात्र मधले घर शोधू. शंभर घरे ओळीने उभी केली आणि खालची पासष्ट तिसऱ्या गटात असली, तर पन्नासावे घर तिसऱ्याच गटात आले. म्हणजे पिंपळे सौदागरचे अगदी सामान्य, ना श्रीमंत ना भिकेला लागलेले असे जे घर, त्याची वर्षाची तोंडमिळवणी होत नव्हती. आणि हे गाव खडकीच्या शेजारचे. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मजुरी मिळत होती, तरीही ही दशा. जातेगावात तर मधले घर त्या रेघेपासून आणखी खोल गेलेले. "गावात काही लोक गरीब आहेत" असे बोलण्याची आपली सवय असते. मॅनचे आकडे सांगतात की गरिबी गावाच्या कडेला नव्हती, ती गावाच्या मधोमध राहत होती.

स्वातंत्र्यानंतर मोजणीला देशव्यापी रूप आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पाहणीची परंपरा आधीच घालून दिली होती. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाचा अभ्यास १९४० साली आला, पुणे शहराची पाहणी १९४५ मध्ये आणि त्याच शहराची फेरपाहणी १९५६ मध्ये छापली गेली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. या पाहणीने घरोघर मुख्यतः खर्च विचारला, मिळकत नव्हे. त्याचे कारण शेतकऱ्याला सांगायला नको. गेल्या महिन्यात किती ज्वारी, तेल, गूळ लागला हे घरातली बाई बिनचूक सांगते, पण "तुमचं वर्षाचं उत्पन्न किती?" म्हटले की कोणीही क्षणभर आढ्याकडे बघतो. पीक अजून शेतात असते, दूध घरीच संपलेले असते, मुलाची मुंबईहून आलेली मनीऑर्डर आल्या पावली सोसायटीत भरलेली असते.

याच खर्चाच्या आकड्यांवरून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली आपला गाजलेला अभ्यास मांडला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, म्हणजे महिन्याला पंधरा रुपये, ही त्यांनी किमान गरजेची रेघ धरली. तिच्या खाली खेड्यांतली शेकडा चाळीस माणसे आढळली. म्हणजे खेड्यातला मधला माणूस रेघेच्या वर आला होता, पण फार वर नव्हे. एखादे अवर्षण त्याला खाली ओढायला पुरे होते.

आता इथे सावध व्हायचे. लोणीची रेघ कर्जाची, मॅनची रेघ घरखर्चाची, दांडेकर-रथांची रेघ अन्नाची. एक मोजणी घरांची, दुसरी माणसांची. एक गावाची, दुसरी देशाची. हे तीन आकडे एका आलेखावर मांडून "बघा, इतकी प्रगती झाली" असे म्हणणे म्हणजे शेर, पायली आणि किलो एकाच मापात ओतणे होय. काळाच्या ओघात एका ठिकाणच्या मिळकतीची तुलना करायची तर पाच गोष्टी नीट धराव्या लागतात.

पहिली, घर कशाला म्हणायचे. एका चुलीवर जेवणारे ते एक घर. तीन भाऊ वेगळे निघाले की एका मोठ्या मिळकतीच्या घराची तीन लहान घरे होतात. कोणाचीही कमाई घटलेली नसताना मधले घर कागदावर खाली सरकते. म्हणून घरात खाणारी तोंडे किती, हेही लिहावे. दुसरी, मिळकत कशाला म्हणायचे. घरी खाल्लेले धान्य, कडबा, दूध, बलुते, सालगड्याला मिळालेले जोंधळे, हे सगळे रुपयांत धरले पाहिजे. आणि बी, खत, बैलांची वैरण, व्याज वजा केले पाहिजे. तिसरी, वर्ष कोणते. पावसाच्या वर्षाची दुष्काळी वर्षाशी तुलना म्हणजे आभाळाची मोजणी, माणसाची नव्हे. चौथी, रुपया केवढा. रुपयाचे मोल बदलते म्हणून मिळकत त्या-त्या वर्षीच्या ज्वारीच्या भावाने भागावी. किती पोती ज्वारी आली असती हे पाहिले की आजोबांचे वर्ष आणि नातवाचे वर्ष बरेच शेजारी येते. शेतमजुरांच्या खर्चासाठी सरकार जो किंमत निर्देशांक काढते, त्याचे काम हेच.

पाचवी गोष्ट सर्वांत फसवी : माणसे तीच आहेत का? पिंपळे सौदागरचीच गोष्ट घ्या. त्याच्या फेरपाहणीचे पुस्तक १९६० मध्ये निघाले तेव्हा ते खेडे होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि जिथे बांध होते तिथे उंच इमारती आहेत. तिथल्या मधल्या घराची मिळकत आज काढली तर ती मॅनच्या काळापेक्षा पुष्कळ पटींनी भरेल. पण ते मधले घर बहुधा बाहेरून आलेल्या नोकरदाराचे असेल. जुन्या तिसऱ्या गटातली घरे वर चढली, की जमीन विकून दुसरीकडे गेली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गावाचे नाव तेच राहते आणि गाव बदलून जाते.

यावर उपाय एकच, तीच घरे वर्षानुवर्षे पाहत राहणे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने १९७५ पासून असे काम केले. त्यात आपल्याकडची चार गावे होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझारा आणि किनखेडा. दर गावी चाळीस घरे. तीस शेतकऱ्यांची, दहा मजुरांची. गावातच राहणारा पाहणी करणारा माणूस दर काही आठवड्यांनी त्याच घरी जाऊन हिशेब लिहीत असे. गावात मजुरांची घरे प्रत्यक्षात निम्मी असली आणि नमुन्यात चौथाईच घेतली, तर मधले घर काढताना मजुरांच्या घरांना तेवढे जास्त वजन द्यावे लागते; नाही तर आपण पुन्हा बागायतदाराच्याच ओट्यावर जाऊन बसतो.

२०१८-१९ या शेतीवर्षाच्या पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. शेतकरी म्हणवणाऱ्या घरात शेतापेक्षा मजुरीचा पैसा जास्त! मॅनचा दुसरा गट आठवतो ना? पण हीही सरासरीच. मोठी खाती तिला वर ओढतात, म्हणून मधले घर तिच्या खालीच असणार हे धरून चालावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक गोष्ट सुचवतो. आपल्या गावचे मधले घर आपण काढू शकतो आणि त्यासाठी कोणाला रुपये विचारायची गरज नाही. चार जाणती माणसे, त्यांत दोन तरी बाया, बसवाव्या. सर्व घरांच्या चिठ्ठ्या नाव न घालता, खुणेने करून, पोटापाण्याच्या स्थितीप्रमाणे ओळीने लावाव्या. मग मधल्या पाच-सात घरी जाऊन विचारावे : घरचे धान्य किती महिने पुरते? मजुरीचे दिवस किती? बाहेरून पैसा येतो का? देणे किती? यातून निघतो तो अंदाज. मिळकतीचे गटवार आकडे मिळाले तर तेही चालतात. समजा शंभर घरांपैकी तीस घरे पन्नास हजारांच्या खाली, चाळीस घरे पन्नास हजार ते लाखाच्या दरम्यान आणि तीस त्यावर आहेत. पन्नासावे घर दुसऱ्या गटात विसावे आले, चाळीसांच्या निम्म्यावर. म्हणून मधली मिळकत सुमारे पंचाहत्तर हजार. सातवी-आठवीतली मुले हे गणित सहज करतील.

जुन्या काळासाठी शाळेचे जनरल रजिस्टर आहे. त्यात पालकांचा धंदा लिहिलेला सापडतो. तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफार आहेत, सोसायटीची खातेवही आहे, जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, आणि म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती आहे. साल विसरतात, पण कोणत्या साली मिलो खाल्ला आणि कोणत्या साली रोजगार हमीच्या खडीवर गेलो, हे विसरत नाहीत. १९७२ चा दुष्काळ ही आपल्याकडची मोठी खूणगाठ आहे. तिच्या आधी आणि नंतर असे विचारले की बरेच कागद बोलू लागतात.

हे टिपण शाळेच्या कपाटात ठेवावे आणि दर दहा वर्षांनी त्याच रीतीने पुन्हा करावे. रीत बदलू नये. बदललीच तर तसे लिहून ठेवावे. गावात योजना येतात, वर्गण्या ठरतात, टंचाईची कामे निघतात. त्या वेळी कोणीतरी सरासरीचा आकडा पुढे करतो आणि गाव सधन ठरते, किंवा सगळ्यात गरीब घर दाखवतो आणि गाव दीन ठरते. तेव्हा ज्याच्या नावे कोणी बोलत नाही, जे ना सभेत पुढे बसते ना रेशनच्या यादीत वर असते, त्या मधल्या घराची बाजू मांडायला आपल्याजवळ दोन-चार कागद असावेत. प्रिंगलच्या काळी ते नव्हते, म्हणून निवाडा करायला रिकामी पडलेली शेतेच उरली.